गोठ्यात गेलेला जंगलाचा पडदा

संपादकांचं पत्र आलं की आपल्या प्रदीर्घ कलासेवेविषयी दिवाळी अंकासाठी काही लिहावं. पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं तर घरात सगळे हसले, कारण आमच्या घरात कलासेवा हा शब्द आजवर कोणी काढला नव्हता. मी नाटक कंपनीत पडदे रंगवत होतो. कंपनी मोडली तेव्हा तिचे जुने पडदे घेऊन मी अमरावतीहून अकोल्याला आलो आणि त्यांची नाना प्रकारे विल्हेवाट लावत बसलो. नंतर दुकानांच्या पाट्या केल्या, भिंतींवर दंतमंजनाच्या जाहिराती काढल्या, त्यावर घर चाललं. त्यात सांगण्यासारखं मला काही दिसत नाही. पण लोकांना नकोसा झालेला पडदा पुढे कुठे जातो, त्याचं काय होतं, याचं कुतूहल मला आजही आहे. त्यातला एक पडदा माझ्या जिवाला लागून राहिला. त्याचं सांगायचं म्हणूनच लिहायला बसलो आहे, पण आधी धंदा थोडा समजून घ्या.

नाटकाचा पडदा म्हणजे मांजरपाटाच्या पट्ट्या शिवून केलेली वीस-पंचवीस हातांची चादर. तिला आधी खळ द्यायची, मग पांढऱ्या मातीचा हात. मग ती जमिनीवर पसरायची आणि लांब दांड्याचे कुंचले घेऊन तिच्यावर उभं राहून रंगवायचं. पुडीतले कोरडे रंग पाण्यात कालवून त्यात उकळलेला सरस घालायचा म्हणजे रंग कापडाला धरून राहतो. सरस कातड्याचा, त्यामुळे त्याला एक वास असतो आणि किंचित खारट चव असते. पडदा जवळून पाहिला तर नुसते फराटे दिसतात. त्याचा राजवाडा व्हायला पन्नास पावलं मागे जावं लागतं. दर नाटकाला वेगळा पडदा कोणत्याच कंपनीला परवडत नसे. राजवाडा, रस्ता, जंगल, बाग, तुरुंग आणि कैलास एवढ्या सहा पडद्यांत सगळं जग बसवायचं, अशी रीत होती.

आमच्या कंपनीतले मोठे पेंटर म्हणजे दाजीबा. मी बाविसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली लागलो आणि दहा वर्षं राहिलो. माणूस तिरसट, पण हात असा की जंगलाचा पडदा सुटला की पुढच्या रांगेतली माणसं उपरणं सारखं करून घेत, जणू खरोखर गारवा आला. तो हिरवा रंग दाजीबा स्वतः खलत. मला त्या वेळी पाणी आणायला पाठवत. रंगाची कृती कोणी कोणाला सांगत नसे, पोटच्या मुलालाही नाही, तिथे मी कोण? दाजीबा गेले ते ती कृती बरोबर घेऊन गेले, असंच मी समजत होतो. त्यांची रंगांची पेटी माझ्याकडे आली. त्यातल्या निम्म्या पुड्या मी कधी सोडूनही पाहिल्या नाहीत. बाजारात डब्यातले रंग मिळत होते, मग कोण खटाटोप करतो!

बोलपटांनी आमची नाटकं बंद पाडली. कंपनीचा शेवटचा मुक्काम अमरावतीला होता. तिथेच मालकांनी हात जोडले. पोशाख कोणी नेले, पेटी-तबला कोणी नेला. पडद्यांकडे कोणी वळून पाहिलं नाही. मी ते दोन बैलगाड्यांवर लादले आणि अकोल्याला जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी, एका सरकी भरायच्या खोलीत आणून ठेवले. का आणले, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. दोन वर्षं त्यांनी उंदरांची सोय केली, त्यात बागेचा पडदा पार संपला.

मग लढाई लागली आणि कापड मिळेनासं झालं. कंट्रोलच्या दुकानासमोर रांगा लागू लागल्या आणि लोकांना एकदम माझी आठवण झाली. पेंटरकडे कापड आहे, ही बातमी सगळ्या गावात झाली. मी एकच अट घालत असे, की पडद्याचं काय करणार ते आधी सांगायचं. धंद्याला त्याचा काही उपयोग नव्हता. मला ऐकायची हौस होती. एवढ्यावर न थांबता महिन्या-दोन महिन्यांनी मी त्या घरी जाऊन पाहूनही येत असे. लोक म्हणत, पेंटरनं पोरगी दिल्यासारखा पडदा दिला, आता सासर बघायला आला.

राजवाडा अमरावतीच्या एका फोटोग्राफरनं नेला. त्यानं तो स्टुडिओच्या भिंतीला ठोकला. त्या काळात अमरावतीत लग्न झालेल्या कोणाच्याही घरी जा. नवरदेव खुर्चीत, नवरी उभी, आणि दोघांच्या मागे डाव्या हाताला एक खांब दिसेल. त्या खांबाला मधोमध बाक आहे. तो बाक माझा आहे. दाजीबांनी तो खांब मला काढायला दिला होता आणि नंतर आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

तुरुंगाचा पडदा कोणी घरात घेईना. शेवटी टिळक चौकाकडच्या... नाही, ठिकाण सांगत नाही, त्यांची नातवंडं आता दुकान चालवतात. तर एका हॉटेलवाल्यानं तो मधे आडोसा म्हणून बांधला. एकादशीला पडद्यामागे गर्दी होई. रंगवलेल्या गजांच्या आड बसून भली भली माणसं भजी खात. रस्त्याचा पडदा शिंप्याच्या कात्रीखाली गेला आणि गोधड्यांच्या पोटात बसला. ऊन दाखवायला गोधड्या बाहेर टाकल्या आणि एखादीची शिवण उसवलेली असली, की आत कोपऱ्यावरचा दिव्याचा खांब दिसे.

कैलासाची गोष्ट वेगळी. शंकर-पार्वतीवर कात्री चालवायला शिंपी तयार होईना, आणि त्यांच्यावर झोपायला कोण तयार होणार? मी एक रीत काढली. ओल्या फडक्यानं आधी देवांची तोंडं, मग हात, मग पाय हलकेच पुसून घ्यायचे, फडकं बेलाच्या झाडाखाली पिळायचं, आणि नमस्कार करून राहिलेलं कापड द्यायचं. देव उतरले की उरला तो नुसता डोंगर. तो एका शाळामास्तरांनी नेला आणि हिमालय म्हणून भिंतीला लावला. मी पाहायला गेलो तेव्हा मास्तर गंगेचा उगम दाखवत होते. त्यांची छडी नेमकी शंकराच्या पुसलेल्या जटांवर होती, म्हणून मला बरं वाटलं.

राहिला जंगलाचा पडदा. तो मी बरीच वर्षं दिला नाही. दाजीबांचं सर्वांत चांगलं काम होतं ते. पण खोलीला ओल आली आणि खालच्या बाजूनं कापड कुजू लागलं, तेव्हा म्हटलं, निदान कोणाच्या तरी नजरेसमोर असावा.

त्या वर्षी दसऱ्याला हिवरखेडच्या गिरजाबाई झेंडू घेऊन अकोल्याला आल्या. जातीच्या माळी. नवरा वारल्यावर वांगी, मिरची आणि फुलं यांचा मळा त्या एकट्या सांभाळत होत्या. त्यांची बहीण आमच्या गल्लीत दिलेली, तिच्याकडून त्यांना पडद्यांचं कळलं. मी गुंडाळी सोडली. त्या दहा पावलं मागे सरून पाहू लागल्या. मग म्हणाल्या, "हे झाडं कोनं काढले?"

मी दाजीबांचं सांगितलं आणि माझा नेहमीचा प्रश्न विचारला.

"गोठ्याच्या दाराले लावीन," त्या म्हणाल्या. "थंडीचा वारा लय येते. अन् गुराले बी वाटन, आपन झाडाखाली उभे हावो."

मला हे इतकं आवडलं की काय सांगू. आजवर माणसांनी जंगल पाहिलं, आता जनावरं पाहतील. पडद्याच्या नशिबात इतका चांगला प्रेक्षक आला म्हणून मी खूश होतो. त्यांचा एक गोऱ्हा होता. घरचा बैल एकच होता, पुढच्या वर्षी गोऱ्हा जुवाला लागला की जोडी होईल आणि मोटेसाठी दिराच्या बैलावर अवलंबून राहावं लागणार नाही, हे सगळं त्यांनी गुंडाळी बांधता बांधता सांगितलं. गुंडाळी मीच त्यांच्या गाडीवर चढवून दिली.

दिवाळी झाली. अमरावतीच्या फोटोग्राफरचा निरोप आला, की लग्नसराईच्या आत बागेचा नवा पडदा करून दे, आणि हिरवा रंग तुझ्या गुरूंच्या जंगलासारखा पाहिजे. डब्यातल्या रंगानं ते साधेना. तेव्हा मी पहिल्यांदा दाजीबांची पेटी तळापर्यंत उपसली. एका चिंधीत पिवळ्या दगडाचा खडा निघाला, सोन्यासारख्या पापुद्र्यांचा. शेजारी निळीची पुडी होती. खडा उगाळून त्यात नीळ कालवली आणि पाहतो तर तोच हिरवा. दहा वर्षं ज्यासाठी पाणी आणायला पळत होतो, ते इतकं सोपं होतं. मी आनंदानं तो खडा घेऊन जडीबुटी विकणाऱ्या पनसाऱ्याकडे गेलो आणि असा पावशेर द्या म्हणालो.

पनसाऱ्यानं खडा हातात घेतला नाही. लांबूनच पाहिलं. "उंदीर मारायचे हायेत का मानसं?" त्यानं विचारलं. "हरताळ हाये हा. सोमलाचा सख्खा भाऊ. तुमी घरी जाऊन आधी हात धुवा."

तो पुढे सांगत होता, की वैद्य लोक शुद्ध करून औषधात घालतात, पण कच्चा पोटात गेला तर जनावरही आडवं होतं. मला दुसरंच दिसत होतं. कंपनी मुक्काम हलवायची तेव्हा जंगलाचा पडदा दाजीबा स्वतः गाडीवर बांधत. रंगाची बाजू नेहमी आत. मुक्कामावर गाड्या सुटल्या की काठी घेऊन त्या पडद्याजवळ बसत आणि बैलांना हाकलत. सरसाच्या खारट चवीनं जनावरं पडदे चाटतात, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. बाकीच्या पडद्यांना चाटली तर दाजीबा बघतही नसत. आम्ही मागून हसायचो, की म्हातारा आपल्या जंगलाला फार जपतो.

आणि आता ते जंगल गिरजाबाईंच्या गोठ्याला होतं. तो दिवस मंगळवार होता. वार मला पक्का आठवतो, कारण दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी अमरावतीला जाणार होतो.

आणि मी अमरावतीलाच गेलो.

का गेलो, ते लपवत नाही. फोटोग्राफरला शब्द दिला होता, हे एक. दुसरं म्हणजे मी मनाची समजूत घातली, की पडदा वर टांगला असेल, गुरं दुसरीकडे तोंड करून बांधलेली असतील, इतके दिवस काही झालं नाही तर आणखी आठ दिवसांत काय होणार? पण खरी भीती निराळी होती. पेंटरच्या पडद्यात विष आहे, हे एकदा तोंडातून गेलं की गावातली गोधडी न् गोधडी माझ्या दारात येऊन पडली असती. अमरावतीला मी बाग रंगवली. डब्यातल्या रंगानं. काम वाईट झालं नाही. अधूनमधून कुंचला थांबायचा, मग पुन्हा चालायचा.

पुढच्या मंगळवारी परत आलो. रात्रभर नुसता कुशी बदलत होतो. बुधवारी पहिल्या सर्व्हिस मोटारीनं अकोट गाठलं आणि एका कापूसवाल्याच्या बैलांच्या दमणीतून दुपारच्या आत हिवरखेडला उतरलो.

गिरजाबाईंच्या मळ्यात पंधरा-वीस माणसं जमली होती. गोठ्यासमोर बाजेवर गावचे पोलीस पाटील बसले होते. लांब कडुलिंबाखाली एक माणूस उकिडवा बसला होता. त्याच्याजवळ कोणी नव्हतं. तो गिरजाबाईंचा दीर सुखदेव, हे मला मागून समजलं. मी वेशीपासून ज्याला मळा विचारत आलो होतो त्या म्हाताऱ्यानं मला हळू आवाजात सगळं सांगितलं. गिरजाबाईंचा गोऱ्हा रविवारी मेला. सकाळपासून तोंडाला फेस, हगवण, मग पोट फुगलं, संध्याकाळी गेला. सुखदेवनं दुपारी त्याला बांबूच्या नळीनं काहीतरी पाजलं होतं. दीर-भावजयीत विहिरीच्या पाळीवरून आधीच बोलणं बंद होतं. भावजयीची स्वतःची जोडी झाली तर आपली अडवणूक चालणार नाही, म्हणून त्यानं गोऱ्ह्याला सोमल घातला, असं गिरजाबाईंचं म्हणणं होतं, आणि गावाला ते पटलं होतं. सोमवारी सुखदेवच्या मुलीला बघून गेलेल्या पाहुण्यांचा निरोप आला, की सोयरीक तूर्त राहू द्या. आज पाटील दोघांचं ऐकून उद्या ठाण्यावर वर्दी देणार होते.

मी गोठ्याकडे पाहिलं. दाराला जंगल लावलं होतं. आमच्या रंगमंचावर दिसायचं त्याहून छान दिसत होतं, कारण त्याच्या पायाशी खरं गवत पडलं होतं. पण झाडांना बुंधे नव्हते. जमिनीपासून हातभर उंचीवर बुंधे पुसट होऊन संपत होते आणि छातीच्या उंचीला पुन्हा सुरू होत होते. वर पानं होती, फांद्या होत्या, आणि मधला सगळा पट्टा, कुठे वाटोळा, कुठे लांबट, चाटून चाटून पांढरा झाला होता. खाली मांजरपाटाचा ताणा-बाणा दिसत होता. गोऱ्ह्याची मान जितकी खाली-वर होईल तेवढाच पट्टा. बैल आत खुंट्याला होता, त्याचं तोंड तिथवर पोचत नव्हतं. मोकळा फिरायचा तो गोऱ्हाच.

गिरजाबाई पाटलांना सांगत होत्या. "याच्या हातानं पाजलं. म्या आपल्या डोयानं पाह्यलं."

"जवसाचं तेल होतं वयनी थे," सुखदेव झाडाखालूनच म्हणाला. "पोट फुगलं होतं त्याचं." हे तो चार दिवसांत किती वेळा बोलला असेल कोण जाणे. आवाजात काही जोर उरला नव्हता.

त्या वेळी मी गप्प राहू शकलो असतो. पडद्याकडे माझ्याशिवाय कोणी बघत नव्हतं. मी कोण, कशाला आलो, हेही अजून कोणी विचारलं नव्हतं. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं आणि ते येऊन गेल्याची मला लाज वाटते. मी पुढे झालो आणि पाटलांना म्हणालो, "गोऱ्हा या पडद्यानं मेला. पडदा मी दिलेला आहे."

पाटलांनी मला खाली-वर न्याहाळलं. "चित्रानं जनावर मरते काय?"

मी चाटलेला पट्टा दाखवला. सरसाचं सांगितलं, हरताळाचं सांगितलं. लोकांचा विश्वास बसेना. कोणीतरी म्हणालं, सुखदेवनंच आणलेला दिसतो याला. मग मी गिरजाबाईंच्या चुलीतले निखारे खापरात आणवले, पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातलं एक दाट हिरवं पान कात्रीनं कापलं आणि निखाऱ्यावर टाकून सगळ्यांना वाऱ्याच्या बाजूला सरायला सांगितलं. धूर निघाला. कोणी लसूण भाजावा तसा वास पसरला. गावचे म्हातारे वैद्य मागे उभे होते, ते नाकाला उपरणं लावून म्हणाले की हा वास सोमलाचाच, दुसऱ्या कशाला असा येत नाही. ते बोलले तेव्हा पाटील बाजेवरून उठले. पाहुण्यांकडे मी स्वतः जाऊन सांगतो, एवढंच ते सुखदेवला म्हणाले.

गिरजाबाई पडद्याजवळ गेल्या. पांढऱ्या पट्ट्यावर हात ठेवणार होत्या, मी घाईनं नको म्हणालो. त्या तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं आता शिव्या देतील. मी त्यासाठी तयार होतो, खरं तर वाट पाहत होतो.

"कवा समजलं तुमाले?" त्यांनी विचारलं.

"काल," मी म्हणालो.

कसं आलं ते तोंडात, मला माहीत नाही. ठरवून आलो नव्हतो. तीन दिवसांपूर्वी जनावर मेलं होतं आणि आठ दिवसांपूर्वी मला समजलं होतं, हे सांगायला तोंड उघडलं आणि काल हा शब्द बाहेर पडला.

"काल समजलं अन् आज आले पाहा," त्या जमलेल्या लोकांना म्हणाल्या. "इतक्या लांबून. चिठ्ठी बी धाडता आली असती."

मग त्या घरात गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मला वाटलं माझ्यासाठी आणला. त्या माझ्या शेजारून पुढे कडुलिंबाखाली गेल्या आणि तांब्या दिरासमोर ठेवला. "हात धुवा भाऊजी," त्या म्हणाल्या. "जेवाले बसा." सुखदेवनं तांब्याकडे पाहिलं.  मग उठला, हात धुतले आणि तोंडावर पाणी मारून उपरण्यानं जरा जास्तच वेळ पुसत राहिला.

आम्ही दोघं एका ओळीत जेवलो. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. गिरजाबाई वाढताना एकदाही गोऱ्ह्याबद्दल बोलल्या नाहीत. मला आग्रह करून अर्धी भाकर जास्त वाढली. मी ती खाल्ली. 

पडदा मी उतरवला, रंगाची बाजू आत करून गुंडाळला आणि सुतळीनं बांधला. गोठ्याचं दार आणि उंबरा राखेनं धुवून घ्यायला, ते पाणी मळ्यात जाऊ न द्यायला सांगितलं. मला अकोटपर्यंत सोडायला सुखदेवनं आपली गाडी जुंपली. नको म्हटलं तरी ऐकेना.

वाटेत तो मोकळा झाला. चार दिवस गावात कोणी त्याच्या हातची तंबाखू घेतली नव्हती. मुलगी घराबाहेर पडत नव्हती. बायको म्हणत होती, की परतवाड्याला माहेरी जाऊन राहू, इथं तोंड दाखवायला जागा नाही. हे सांगताना तो मधेच हसत होता, कारण आता ते सगळं टळलं होतं. "आमची वयनी कोनाचं चांगलं म्हनत नाई कदी," तो म्हणाला. "आज तुमाले म्हनलं. असा मानूस पाह्यला नाई म्हने."

कापसाची वेचणी चालू होती. दोन्ही बाजूंनी बाया वेचत होत्या, कोणी ओळखीच्या दिसल्या की सुखदेव मुद्दाम हाक मारत होता. मला ते बघवेना. मी त्याला म्हणालो, की मी ‘काल समजलं’ म्हणालो ते खोटं आहे. मला मागच्या मंगळवारी समजलं होतं. बुधवारी निघालो असतो तर गोऱ्हा जगला असता, तुमच्यावर आळ आला नसता, मुलीच्या पाहुण्यांचा निरोप आला नसता. मी अमरावतीला गेलो होतो.

 गाडी आणखी थोडी पुढे गेली.

"मागच्या मंगयवारी?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणालो.

त्यानं कासरा ओढला. बैल थांबले. त्यानं खाली उतरून गुंडाळी काढली आणि शेताच्या धुऱ्यावर उभी करून ठेवली, आपटली नाही. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "उतरा, पेंटरभाऊ."

मी उतरलो.

"वयनीले मी नाई सांगनार," तो म्हणाला. "तिले आज कुठं बरं वाटून राह्यलं. पन माह्या गाडीत तुमी नका बसू."

त्यानं गाडी वळवली. मी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत उभा राहिलो. त्यानं दिलेला शब्द पाळला असणार, कारण गिरजाबाई पुढेही माझ्याकडे येत राहिल्या आणि प्रत्येक वेळी तितक्याच मायेनं बोलत राहिल्या. आता दोघंही नाहीत, म्हणून हे लिहितो आहे. त्या दिवशी अकोट अजून तीन कोस होतं. मी जंगल खांद्यावर घेतलं आणि चालू लागलो.